वीस तारखेचा अध्याय

माझा उजवा खांदा गेली बावीस वर्षं रोज सकाळी दुखतो, आणि या महिन्याच्या चार तारखेला तो अचानक दुखायचा थांबला. मी अशी भाबडी, की मला वाटलं नव्या तेलाने गुण दिला. मुकादमाच्या बायकोलासुद्धा मी तेच तेल घ्यायला लावलं. तिच्या गुडघ्यांना काडीचाही फरक पडला नाही, तेव्हा तिलाच म्हटलं, तू नीट चोळत नसशील.

आमचा कारखाना दोरांचा. उंच इमारतींना बाहेरून रंग देणारे, काचा पुसणारे लोक ज्या दोराला लटकून काम करतात, तो दोर आम्ही वळतो. सासऱ्यांनी कारखाना काढला, त्यांच्यामागे माझ्या नवऱ्याने सांभाळला, आणि तो गेल्यापासून माझा धाकटा दीर चालवतो. घरी तो मला वहिनी म्हणतो आणि मी त्याला अरे-तुरे करते. कारखान्यात तो साहेब आणि मी मॅडम. हा नियम त्याचाच, आणि मी तो आजवर पाळत आले.

चाचणीचं काम पहिल्यापासून माझ्याकडे. दोर तीन पेडांचा असतो. प्रत्येक बंडलातून एक तुकडा कापायचा, त्याचा एक पेड सोडवून तुळईच्या आकड्याला बांधायचा आणि खाली टांगलेल्या ताटात लोखंडी वजनं रचायची. मोठी वजनं मुकादम साखळीने चढवतो. वरची शेवटची पाच दहा-दहा किलोंची असतात, ती मी हाताने ठेवते. खांदा गेला तो त्यातच. पेड टिकला, की बंडलाला बिल्ला लावून त्यावर मी शिशाचा शिक्का दाबते. शिक्क्यात माझं आद्याक्षर आहे. लोक कंपनीचं नाव विसरतात, पण ते अक्षर बघून दोर घेतात.

त्यातलाच एक रंगारी. दिवसभर भिंतीला चिकटलेला असतो म्हणून सगळे त्याला 'पाल' म्हणतात आणि तोही खुशाल ओ देतो. तो दर वर्षी स्वतः येऊन दोर नेतो. भाव नंतर विचारतो, आधी शिक्क्यावरून अंगठा फिरवतो. एकदा म्हणाला होता, बाई, हे अक्षर असलं की मला खाली बघायची भीती वाटत नाही. मी त्याला वरवर झटकलं, जा, कामाला लाग म्हणून. पण खरं सांगायचं तर ते वाक्य मी कितीतरी दिवस जपून ठेवलं होतं.

सासऱ्यांनी कारखान्यात एक पद्धत घालून दिली होती. आमच्या ख्रिस्ती शास्त्रातल्या नीतिवचनांचे अध्याय एकतीस, आणि महिन्याचे दिवसही फार तर एकतीस. म्हणून यंत्रं सुरू व्हायच्या आधी सगळ्यांनी उभं राहायचं आणि त्या तारखेचा अध्याय वाचायचा. अख्खा वाचायचा, निवडून नाही. ज्याला पटत नसेल त्याने तेवढा वेळ यंत्राला तेल द्यावं, अशी मुभा होती. वाचायला ते मला सांगत, कारण त्यांच्या मते शिक्का मारणाऱ्याने रोज वाचलेलं बरं. एकतिसावा अध्याय घर आणि व्यापार दोन्ही हाकणाऱ्या बाईवर आहे. तो वर्षातून सातदाच येतो. त्या दिवशी म्हातारा सगळ्यांदेखत माझ्याकडे बोट करायचा, आणि संध्याकाळी माझ्या चहाला नावं ठेवायचा.

गेल्या वर्षी दीर चर्चच्या हॉलमध्ये तीन दिवसांच्या शिबिराला गेला. वचनांमधून उद्योगाचं नेतृत्व कसं करायचं, असा विषय होता. परत आला तो गळ्यात टाय आणि हातात पाट्यांची यादी घेऊन. उशिरा येणाऱ्यांसाठी फाटकावर मुंगीचं वचन लागलं. उलट बोलणाऱ्यांसाठी, सूत वळतात त्या पीळखात्यात जिभेचं वचन लागलं. बायकांच्या स्वच्छतागृहासमोर उद्योगी हातांचं वचन लागलं, म्हणजे आम्ही आत किती वेळ घालवतो ते आम्हाला कळावं. मुकादम मला हळूच म्हणाला, मुंगीला पगारी रजा मिळते का तेवढं साहेबांना विचारा. मी हसले आणि जाऊ दे म्हटलं. शिकून आलाय, दोन दिवस मिरवेल, मग विसरेल, असं वाटलं.

तो विसरला नाही. रोजचं वाचनही त्याने स्वतःकडे घेतलं. आता निवडक वाचू, वेळ वाचतो, असं म्हणाला. या महिन्याच्या अकरा तारखेला त्याने दुसऱ्या वचनापासून सुरुवात केली. सोळा तारखेला मधलं एक वगळलं. इतकी वर्षं वाचलेलं असल्यामुळे तो गाळतो तिथे माझे ओठ आपोआप हलतात. दोन्ही दिवशी गाळलेलं वचन खऱ्या-खोट्या वजनांबद्दलचं होतं. मला खटकलं, पण घाईत असेल म्हणून मी कानाडोळा केला. त्या कानाडोळ्याचा मला अजून राग येतो.

सतरा तारखेला घरी नळाला पाणी नव्हतं म्हणून दहा लिटरची भरलेली बादली उचलली आणि खांद्यातून अशी कळ गेली, की डोळ्यांपुढे काजवे चमकले. बादली खाली ठेवली आणि तिथेच बसून राहिले. हे कसलं तेल, जे फक्त कारखान्यात गुण देतं? मग आठवलं, की चार तारखेला साहेबांनी गंजलेली जुनी वजनं काढून नवी आणली होती. हिरवा रंग दिलेली, आकडे ठळक उठवलेली.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी गेले. दहाचं एक वजन उचलून फाटकाजवळच्या मालाच्या काट्यावर ठेवलं. काटा आठाच्या जरा पुढे जाऊन थांबला. दुसरं ठेवलं, तेही तसंच. मुकादम आल्यावर त्याच्याकडून मोठीही काट्यावर ठेवून घेतली, त्यांचंही तेच निघालं. चार तारखेपासून मी चाळीस बंडलं तपासून पास केली होती. ती सगळी एका बड्या ठेकेदारासाठी होती, आणि मोठ्या ऑर्डरचे शिक्के मी माल निघायच्या दिवशी एकदम मारते, म्हणून तेवढे बाकी होते.

एकोणीस तारखेला मी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन वजनांबद्दल विचारलं. तो नाही म्हणाला नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. त्याने उठून दार लावलं आणि सगळं सांगितलं. स्वस्तातलं सूत घेतलं होतं आणि ते खऱ्या वजनाला टिकत नव्हतं. बाजारात आमच्या निम्म्या किमतीत दोर मिळतो, ही ऑर्डर हातची गेली तर पीळखात्यातली निम्मी माणसं घरी बसतील. पूर्वीचा दोर गरजेपेक्षा फार जास्त ताण घ्यायचा, हा थोडा कमी घेतो, इतकंच. मी विचारलं, माणूस घसरला आणि दोराला हिसका बसला तर? तो म्हणाला, बावीस वर्षांत आपल्या दोरावरून कुणी पडलंय का? मी म्हटलं, नाही पडलं, ते कशामुळे?

 त्यावर तो म्हणाला, "वहिनी, तुमचंही घर याच्यावरच चालतं."

हे मला फार लागलं. मी लग्न होऊन आले तेव्हा हा नऊ वर्षांचा होता, पुढचे दोन दात पडलेला. वाचायला याला मीच शिकवलं, याच अध्यायांवरून, ओळीखाली बोट धरून. त्या केबिनमध्ये मला त्याचा जितका राग आला, तितकाच त्या बोटाचा आला. बाहेर आले आणि मुकादमाला विचारलं, जुनी वजनं भंगारात गेली का? तो इकडेतिकडे बघत म्हणाला, नाही, छपरामागे ताडपत्रीखाली आहेत. मोठ्या साहेबांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, हात लागलेलं लोखंड विकायला त्याला जिवावर आलं होतं. मी म्हटलं, उद्या सकाळी ती आत आणून ठेव.

वीस तारखेला सगळे उभे राहिले. भिंतीशी चाळीस बंडलं ओळीने लावलेली होती, फाटकात ट्रक लागला होता. पालही आला होता. ठेकेदाराने त्यालाच कामावर घेतलं होतं आणि स्वतःचा दोर स्वतः निवडतो म्हणून तो बसायची फळी खांद्यावर टाकून आला होता. साहेबांनी हातातला कागद उघडला. मी पुढे झाले आणि म्हटलं, आज वीस तारीख आहे, विसावा अध्याय मी वाचते. कुणी काही बोलायच्या आत सुरूही केलं. पुस्तकाची गरज नव्हती.

खोट्या वजनांचा देवाला वीट येतो, ही गोष्ट विसाव्या अध्यायात एकदा नाही, दोनदा येते. पहिल्यांदा आली तेव्हा मी तेवढंच वचन दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा आली तेव्हा त्याच्याकडे बघून म्हटलं. तो म्हणाला, वहिनी, पुरे. कारखान्यात सगळ्यांसमोर त्याने मला पहिल्यांदाच वहिनी म्हटलं. मी अध्याय शेवटपर्यंत नेला, मगच थांबले.

"शिबिरात हे शिकवलं नाही का रे?" मी विचारलं. "की वचनं फक्त कामगारांना लागू असतात?"

पहिल्या बंडलाचा पेड मी आकड्याला बांधला. आधी हिरवी वजनं चढवली. पेड टिकला. ती उतरवून जुनी गंजकी वजनं चढवली. मुकादमाने मोठी लावली, वरची मी घेतली. पहिलं ठेवताना खांदा ओरडला. दुसरं ठेवलं. तिसरं ठेवलं आणि पेड तुटला. ताट जमिनीवर आदळलं, तेव्हा पीळखात्यातल्या बायका दचकून मागे सरल्या.

साहेब म्हणाले, एखादं बंडल खराब निघतं. मी म्हटलं, मग दुसरं तू निवड. त्याने मधलं निवडलं, हात लावून, चाचपून. त्याचा पेड वरचं दुसरं वजन ठेवताच तुटला.

पालने खांद्यावरची फळी खाली ठेवली. तुटलेलं टोक उचलून बोटांनी उलगडून बघितलं. मग मला विचारलं, "बाई, यातला माझा कुठला होता?"

 मी दोर कापायची तापलेली सुरी घेतली आणि पहिलं बंडल हातभर तुकड्यांमध्ये कापायला लागले. असे तुकडे पेट्या बांधायला उत्तम, पण त्यांना माणूस लटकू शकत नाही. साहेब ओरडले की हा कंपनीचा माल आहे. मी म्हटलं, आज मी हे सोडलं, तर उद्या कुणाचा तरी दुसरा शिक्का याला लागेल. हात धरायचा असेल तर ये, धर. तो आला नाही. मुकादम आयुष्यात कधी वर मान करून बोललेला नाही, त्याच्या खात्यात तर जिभेची पाटी टांगलेली.  त्याने दुसरी सुरी घेतली. मग पीळखात्यातल्या दोघी आल्या. पालने बंडलं उचलून द्यायला सुरुवात केली. जेवायच्या सुट्टीपर्यंत चाळीसही बंडलांचे तुकडे झाले होते आणि ट्रक रिकामा निघून गेला होता.

दुपारी साहेबांनी मला बोलावून पत्र दिलं. टाय काढून टेबलावर ठेवला होता. नजर वर केली नाही. महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत काम करावं आणि त्यानंतर सेवेतून मुक्त व्हावं, असं लिहिलं होतं. खाली त्याची सही होती. शिक्का जमा करा, असंही होतं. मी म्हटलं, शिक्क्यात अक्षर माझं आहे. तो माझ्याबरोबर जाईल, आणि मी जाईपर्यंत तुळईला जुनीच वजनं लागतील. पत्र मी परत एकदा वाचलं, ओळीखाली बोट धरून, मुद्दाम, त्याला दिसेल असं.

"हा महिना एकतीसचा आहे," मी म्हटलं.

आधी त्याला कळलं नाही. मग एकतिसावा अध्याय कुणावर आहे ते आठवलं. लहानपणी चोरी पकडली की व्हायचे तसे त्याचे कान लाल झाले.

"एकतीस तारखेला अध्याय मी वाचणार," मी म्हटलं. "अख्खा. आणि तू सगळ्यांबरोबर उभा राहून ऐकणार आहेस."

 मी बाहेर आले, आकड्याला नवा पेड बांधला आणि पहिलं जुनं वजन उचललं. खांद्यातून चांगलीच कळ गेली, तेव्हा मला खात्री पटली की ते दहाचंच आहे.