नकलेची नक्कल

“भैय्यालालनं झांजा खाल्ल्या,” असं म्हणून ह्यांनी टेप खटकन बंद केला.

मी अंबाडीची भाजी निवडत होते. माणूस झांजा कशा खाईल, हे विचारायची आमच्या घरी सोय नव्हती. विचारलं की तासभर व्याख्यान. तरी तोंडातून गेलंच, “आता काय झालं?”

“मले नकलेची नक्कल देऊन राहिला तो. चांगली सोताजवळ ठेवून राहिला. ढोल आहे, बाजा आहे, गाणारा आहे. झांजा कुठी आहेत?”

“मला तर सारखी भांडी पडल्यासारखी ऐकू येतात त्यात.”

“तुले काय समजते त्यातलं!”

झालं. संपला विषय.

आमचे हे, म्हणजे सेवकराम टेंभरे, गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये मशीनवर होते. मी मुर्रीच्या शाळेत शिकवायची. भैय्यालाल ह्यांचा जिवलग, स्टेशनजवळ त्याचं कॅसेटचं दुकान. रेल्वेतला एक अँग्लो-इंडियन गार्ड कायमचा ऑस्ट्रेलियाला निघाला तेव्हा त्यानं भैय्यालालला टेपांची एक पेटी दिली, आणि तिथून ह्या दोघांचं डोकं फिरलं. इंग्लंडातला कुठलातरी जुना बँड. त्याच्या टेपाही सरळ बाजारातल्या नव्हेत. कुणीतरी कोटात टेपरेकॉर्डर लपवून कार्यक्रमात बसायचं आणि चोरून भरून घ्यायचं. खोकला, शिट्या, टाळ्या, सगळं त्यात. एकेक गाणं वीस-वीस मिनिटांचं. तेच गाणं लंडनचं वेगळं, रोमचं वेगळं म्हणे.

“एकच गाणं किती गावचं ऐकाल?” मी एकदा विचारलं होतं.

“मंडईत दंडार दरसाल तीच राहते. तू कायले जातेस मग?”

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, रात्रभर दंडारीचा, नाचगाण्याचा खेळ चालतो, आणि मी एकही चुकवत नाही. मग काय बोलणार?

गार्डच्या ओळखीचा कोलकात्याचा एक जण नवी टेप पार्सलनं पाठवायचा. भरून घ्यायची आणि पुढच्या माणसाला धाडायची, अशी त्यांची रीत. नकलेवरून पुन्हा नक्कल काढली की आवाज मळतो, म्हणून भैय्यालाल त्या पाहुण्या टेपवरूनच दोन नकला काढायचा, एक ह्यांची, एक स्वतःची. आणि पार्सल आलं तरी हे मिलमधून येईपर्यंत त्याची दोरी सुटायची नाही. गिऱ्हाईक ओरडलं तरी नाही. अशी दोस्ती मी दुसरी पाहिली नाही. भैय्यालालच्या बायकोला, रुख्माला, भाऊ नव्हता, तर ती ह्यांना राखी बांधायची. त्यांची रिंकू ह्यांना मामाजी म्हणायची. लग्नात नवरीच्या मागे मामा उभा राहतो, तिथे हेच उभे राहणार, हे ती फ्रॉकात होती तेव्हापासून ठरलेलं.

आणि ह्या झांजा निघाल्या.

त्या रविवारी बाजार करून आम्ही दुकानात शिरलो. हे थेट काउंटरवर. “तू मले नकलेची नक्कल देऊन राहिला.”

भैय्यालाल हसला. त्याचा आवाज घागरीतून आल्यासारखा जाड. “पागल झाला का बे? तुझ्यासमोरच तर भरतो.”

“मी चहा सांगाले जातो तेव्हा काय करतं, मले काय माहीत?”

भैय्यालाल हसायचा थांबला. कपाटातून त्यानं स्वतःची टेप काढली. “हे घे, माझीवाली. घरी ने, आयक.”

ह्यांनी आठवडाभर ऐकली. पुढच्या रविवारी गिऱ्हाइकांच्या देखत काउंटरवर आपटली. “हे बी तशीच. असली कुठी लपवली?”

“असली कलकत्त्याले परत गेली, सेवक. रिंकूची कसम.”

“पोरीची खोटी कसम खाऊन राहिला? चोर आहेस तू! चोर!”

मी बाही ओढत होते. दुकानात चार माणसं होती, चारही आमच्याकडे बघत होती. भैय्यालालनं टेप उचलली, पुसली आणि पुन्हा ह्यांच्यासमोर ठेवली. “घेऊन जा,” म्हणाला. “तुझ्याजवळच राहू दे.”

घरी येताना मी विचारलं, “मग आपल्या जुन्या टेपा? त्यात झांजा आहेत का?”

“त्या झिजल्या.”

ह्या माणसाकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं. पावसाळ्यात टेपेला बुरशी लागते, हेड घासतं, लाइट कमी येते. भैय्यालाल चोर आणि बाकी सगळा दोष हवामानाचा! कोलकात्याचं पार्सल पुढे येत राहिलं की नाही, देव जाणे. हे एकटेच बसायचे, जुनी टेप लावायचे आणि कपाळाला आठ्या घालून ऐकायचे. आनंद कुठे गेला तो गेलाच. मी स्वयंपाकघरातून हाक मारली तर ओ द्यायचे नाहीत. पण नवऱ्याला बायकोचं ऐकू येत नाही, यात मला नवल का वाटावं? माझ्या सगळ्या मैत्रिणींची तीच तक्रार होती.

अशी वर्षं गेली. रिंकूचं लग्न ठरलं. भैय्यालाल आणि रुख्मा हळदीची बोटं लावलेली पत्रिका घेऊन घरी आले. रुख्मानं ह्यांच्या पायांना हात लावला. भैय्यालाल म्हणाला, “सेवक, झालं ते झालं. पोरीच्या मागं उभा राहाले ये.”

हे टीव्हीकडे बघत राहिले. बातम्या चालू होत्या, निवडणुकीच्या. मी चहा केला. तो तिघांनीच प्यायला.

त्या निवडणुकीनंच माझा घात केला. लग्नाच्या दिवशीच मतदान, आणि माझी ड्युटी लागली चिचगडकडे, जंगलात. मास्तरणीला नाही म्हणता येतं का? जाताना मी ह्यांचा पांढरा शर्ट इस्त्री करून खुंटीला लावला, आहेराची साडी पिशवीत भरून दारापाशी ठेवली. “राग माझ्यावर काढा, त्या लेकरावर नका काढू,” म्हटलं. हे हूं म्हणाले. परत आले तर पिशवी दारापाशीच. शर्टाची इस्त्री मोडली नव्हती.

“गेला नाहीत?”

“चोराच्या घरी कायले जाऊ?”

त्या दिवशी मला ह्यांची किळस आली. नवरा आहे म्हणून खोटं कशाला बोलू?

पुढच्या हिवाळ्यात डाळ करपली. मी गॅसवर कुकर ठेवून शेजारणीकडे गेले होते, हे तिथेच ओट्याजवळ पेपर वाचत बसलेले. “तीन शिट्या झाल्या की बंद करा,” असं समोर उभं राहून सांगितलं होतं. आले तर घरभर धूर, आणि हे पेपरातून डोकं वर काढून म्हणतात, “शिटी तर झालीच नाही.” मी भांडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. हा माणूस हट्टी आहे, पण खोटारडा नाही. मी कुकर धुतला, पुन्हा ठेवला. शिटी झाली. मी ह्यांच्या तोंडाकडे पाहत होते. पापणीसुद्धा हलली नाही.

नागपूरला कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. मिलच्या आवाजानं कान गेले म्हणाले. एका दिवसात नाही, वर्षानुवर्षं. बारीक, टोकदार आवाज आधी जातात. शिट्या, पाखरं, बायकांचं बोलणं, लेकरांचं. जाड आवाज राहतात, म्हणून माणसाला वाटतं आपल्याला सगळं ऐकू येतंय. हे एकदम म्हणाले, “झांजा?”

“झांजा तर सगळ्यांत आधी जातील,” डॉक्टर म्हणाले.

मशीन कानात बसवून घरी आलो. चप्पलसुद्धा न काढता ह्यांनी तीच टेप लावली, भैय्यालालनं स्वतःची म्हणून दिलेली. मला भांडी पडल्यासारखी ऐकू आली, नेहमीसारखीच. हे उभेच होते. “आहे,” म्हणाले. “सारं आहे इथं.” आणि लहान पोरासारखे रडले. मला कीव आली नाही. राग आला. एवढं साफ ऐकू आलं, पण ते किती उशिरा!

दुसऱ्या दिवशी स्कूटीवर बसून दुकानात गेलो. कॅसेटी केव्हाच गेल्या होत्या, आता मोबाइलची कव्हरं टांगलेली. भैय्यालाल म्हातारा दिसत होता. आम्हाला पाहून मला म्हणाला, “या भाभी, बसा.” मलाच.

ह्यांनी टेप काउंटरवर ठेवली. “भैय्या, टेप बरोबर होती. माझे कान खराब होते. मिलनं खाल्ले.” आणि डोकं वळवून मशीन दाखवलं.

भैय्यालालनं मशीनकडे नीट पाहिलं. मग बहिऱ्याशी बोलतात तसं मोठ्यानं बोलला, रस्त्यावर ऐकू जाईल असं. “माझा आवाज येत होता का तुले तेव्हा?”

“येत होता.”

“म्या पोरीची कसम खाल्ली, ते आयकू आलं होतं?”

“आलं होतं.”

“मंग कान कायले दाखवून राहिला मले?”

ह्यांनी टेप त्याच्याकडे थोडी सरकवली. एक पोरगी रिचार्ज मारायला आली, भैय्यालालनं नंबर विचारला, मारून दिला. टेप तशीच पडून होती. “ने परत,” तो म्हणाला. “मी नाही आयकत आता. एकट्यानं काय आयकाचं.”

ह्यांनी टेप खिशात घातली आणि स्कूटी काढायला पायरी उतरले. पाठ आमच्याकडे. मी रुख्माचं विचारलं, रिंकूचं विचारलं. रिंकू आमगावला दिली, बरी आहे म्हणाला. मग काउंटरवरून वाकला आणि आवाज अगदी खाली आणला.

“भाभी, एक सांगतो. याले नोका सांगू. रिंकूच्या मागं म्या कोणालेच उभं नाही केलं. लोक म्हणे, कोणाले बी उभं करा, मुहूर्त चालला. म्या म्हटलं, मामा येते. अक्षता पडल्या तरी म्हणत होतो, येते. पोरगी एकटीच उभी होती. याले नोका सांगू, भाभी. झुरून मरंल.”

मी मान हलवली आणि बाहेर पाहिलं. ह्यांनी चावी लावली होती, गाडी सुरू केली नव्हती. कानात मशीन होतं. मी जवळ गेले तेव्हा ते माझी सीट रुमालानं पुसत होते. सीटवर धुळीचा कणही नव्हता. “चला,” मी म्हटलं. ते पुसतच राहिले.