झाकण तेवढं घेऊन या

इकडेतिकडे काय बघताय? ओट्यावर, खिडकीपाशी, झाकणाऐवजी डोक्यावर ताटली घेऊन बसलेय ना, ती मीच बोलतेय. किटली. ताटली मला शोभत नाही, ठाऊक आहे मला. पण ती का आहे हे ऐकलंत तर हसणार नाही तुम्ही.

माझा जन्म भांड्यांच्या एका छोट्या कारखान्यातला. पत्र्याला गोल फिरवून पोट आलं, मग चोच डकवली, मुठीला लाकूड बसवलं. दुकानात येणारी माणसं मला बघायची आणि म्हणायची, ही आपल्या घरात मावायची नाही. शेवटी एका चर्चच्या मंडळींनी मला नेलं. त्यांचं घर मोठं होतं, माणसंही पुष्कळ.

उपासना संपली की सगळे माझ्याकडे यायचे. प्रवचनात पेंगलेले माझ्यापुढे टक्क जागे असायचे. 'अर्धाच द्या' म्हणणारे पुन्हा यायचे, तेही अर्ध्यासाठीच. एकदा एका अंत्यविधीनंतर कोणीतरी मला भरल्या डोळ्यांनी उचललं आणि मी हातातून निसटले. तेव्हापासून माझी चोच किंचित डावीकडे वळलेली आहे. कप जरा डावीकडे धरला की झालं. आमच्याकडे सगळ्यांना त्याची सवय होती.

तिथल्या स्वयंपाकघरावर राज्य मेट्रनबाईंचं. हॉस्पिटलची नोकरी संपली होती, पण चालण्यातली ती लगबग आणि 'तुम्ही पडून राहा' हा सूर काही गेला नव्हता. मनाने लोणी. फक्त दुसऱ्या कोणाला कशाला हात लावू द्यायच्या नाहीत. त्यांच्या घरी नुकतीच सून आली होती. ती कप पुसायला पुढे झाली की बाई म्हणायच्या, "राहू दे गं. तू बस, मी करते." बायका म्हणायच्या, काय नशीब काढलंय पोरीने. पोरगी हसायची, बसायची आणि बोटातली नवी अंगठी गोल गोल फिरवत राहायची. ते मी ओट्यावरून बघत असे.

नदीकाठच्या एका गावच्या चर्चशी आमची जुनी सोयरीक. एका वर्षी त्यांनी आमच्याकडे यायचं, एका वर्षी आम्ही त्यांच्याकडे जायचं. यंदा आमची जायची पाळी होती आणि त्याआधीच त्यांच्या नदीला पूर आला. चर्चच्या खिडक्या बुडेपर्यंत पाणी चढलं. बाकं गेली, गीतपुस्तकं गेली, स्वयंपाकघरातली भांडी तर वाहत कुठे गेली कोणास ठाऊक. पाणी ओसरल्यावर आमची माणसं चिखल उपसायला निघाली.

मेट्रनबाईंनी सगळ्यांना बजावलं होतं की तिथल्या लोकांवर कपभर पाण्याचाही भार पडता कामा नये. म्हणून बसमध्ये शेगडी चढली, चहा, साखर, दुधाची पावडर, कागदी कप, प्यायचं पाणी, एवढंच नाही तर खुर्च्यासुद्धा. मला मांडीवर घेऊन सून खिडकीशी बसली. निदान मला धरायचं काम तरी तिला मिळालं.

तिथलं स्वयंपाकघर मी सुनेच्या हातातूनच बघितलं. भिंतीवर माणसाच्या डोक्याच्याही वर पाण्याची तपकिरी रेघ. खण फुगून बसलेले, ओढले तरी उघडेनात. आमच्या माणसांनी फावडी घेतली आणि बाईंनी शेगडी पेटवली.

चहा ओतून होतोय तोच दारात एक म्हाताऱ्या बाई आल्या. गावात लहानथोर सगळे त्यांना मावशीच म्हणत. हे स्वयंपाकघर वर्षानुवर्षं त्यांचं. पुरात त्यांचं घर गेलं होतं आणि त्या शाळेच्या एका वर्गात राहत होत्या. अंगावरचे कपडे दुसऱ्याचे, पण केस नीट विंचरलेले. हातात तबक, तबकात पेले. एकाचा दुसऱ्याशी मेळ नव्हता, दारोदार मागून आणलेले दिसत होते.

"या, या मावशी, आधी बसा बघू," म्हणत मेट्रनबाईंनी त्यांच्यासाठी खुर्ची ओढली आणि कागदी कप हातात दिला. एका हातात रिकाम्या पेल्यांचं तबक, दुसऱ्या हातात आमचा चहा. मावशी आपल्याच स्वयंपाकघरात पाहुण्यासारख्या टेकल्या. अर्धा चहा प्यायल्या, 'छान झालाय' म्हणाल्या आणि तबक घेऊन निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. तिथल्या चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, अंग दुखतंय म्हणे. बाईंनी तत्काळ गोळ्या धाडल्या. गोळ्या आभारासकट परत आल्या.

मग संध्याकाळी कप गोळा करताना पाळकसाहेब सुनेशी थोडं मोकळं बोलले. पुरानंतर मावशी कोणाशी बोलत नव्हत्या, भिंतीकडे तोंड करून पडून असायच्या. पाहुणे येणार कळलं तेव्हा पहिल्यांदा उठल्या, केस विंचरले, पेले मागत घरोघरी फिरल्या. आता पुन्हा भिंतीकडे वळल्या आहेत. जेवणही परत पाठवतात. पाळकसाहेबांना कोणाला दोष द्यायचा नव्हता. त्यांना काळजी होती, इतकंच.

सासूबाई मला विसळायला आल्या तेव्हा सून खुर्चीवरून उठून शेजारी उभी राहिली.

"आई, मावशींना गोळ्या नकोत."

"मग काय हवंय?"

"काम."

"अगं, केवढं सोसलंय त्यांनी. आता तरी जरा बसू देत."

अंगठी एकदा गोल फिरली. "बसून बसून हात जड होतात, आई. मी बसतेच की आपल्याकडे."

बाई बराच वेळ मला पुसत राहिल्या. मी केव्हाच कोरडी झाले होते.

"मला वाटलं, तुला आवडतं."

"तुम्ही आवडता. बसणं नाही."

दुसऱ्या दिवशी चहाची वेळ झाली तरी शेगडी पेटली नाही. बाईंनी मला रिकामीच उचललं, सुनेच्या हातात दिलं, आणि तिघी आम्ही शाळेकडे निघालो. मागायची सवय नसलेला माणूस किती वेळा घसा खाकरतो ते मी त्या वाटेवर ऐकलं.

"मावशी, माझी माणसं चहाशिवाय खोळंबलीत," बाई म्हणाल्या.

मावशी भिंतीकडे बघतच म्हणाल्या, "सगळं आणलंय की तुम्ही."

"चहा करणारं माणूस आणायचं राहिलं."

मावशी मग सावकाश वळल्या. आधी बाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"चोच वाकडी आहे हिची."

"हो, पण स्वभाव चांगला आहे," सून म्हणाली.

मावशी उठल्या. तबक कोपऱ्यातच होतं, पेल्यांसकट, वर फडकं झाकलेलं.

चहा त्यांनी केला. पहिलाच पेला भरायला गेल्या आणि माझी धार थेट टेबलावर. माझा जीव अर्धा झाला. मावशी फडकं घेत म्हणाल्या, "अगं बाई, ही पाहुण्यांवरच गेलीये. स्वतःला हवं तिकडेच जाते." सगळे हसले. मेट्रनबाई शेवटी हसल्या, पण सगळ्यांत जास्त. पेले वाटायला म्हणून त्या उठल्या, तर मावशींनी हाताने थांबवलं. "राहू द्या, तुम्ही बसा." बाई बसल्या. दोन्ही हात मांडीवर ठेवले, मग काढले, मग पुन्हा ठेवले. सुनेने ते पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. त्या दिवशी मावशी सगळ्यांच्या नंतर, उभ्यानेच, पण पेला भरून चहा प्यायल्या. आणि सोबत भाकरीचा तुकडाही मोडला.

बस निघायच्या दिवशी मेट्रनबाई म्हणाल्या, किटली राहू दे इथेच. मावशींनी नको म्हणून मान हलवली. पुरानंतर खूप काही मिळालं होतं त्यांना, त्याचंच ओझं झालं होतं. मग काय वाटलं कोणास ठाऊक, त्यांनी माझं झाकण काढलं आणि सुनेच्या हातात दिलं.

"किटली ठेवते. झाकण तू ने. उघडी किटली किती दिवस चालणार? आणून द्यायला यावंच लागेल तुम्हाला."

अशी मी नांदायला आले. माहेर आठवतं मधूनमधून, पण इथे पेले पुसायला पुढे होणाऱ्याला कोणी 'राहू दे' म्हणत नाही. मावशींना आता घर मिळालंय, आणि सकाळी चर्चची किल्ली त्यांच्याच हातात असते. पाळकसाहेब सांगत होते, तिकडे मेट्रनबाईंच्या घरी हल्ली चहा सून करते. साखर जास्त पडते. बाई मुकाट्याने पितात. माझं झाकण त्यांच्या खिडकीशी खिळ्याला टांगलेलं आहे म्हणे.

तुम्ही तिकडचे असाल तर त्यांना एवढंच सांगा. येताना शेगडी आणू नका, साखर आणू नका, खुर्च्या तर मुळीच नकोत. झाकण तेवढं घेऊन या आणि बसा. चहा इथला. फक्त पेला जरा डावीकडे धरा.