ढब्बूच्या रक्तातले ठिपके

शिंपीणबाईंचा ढब्बू, घरभर धुडगूस घालणारा बोका, दवाखान्याच्या टेबलावर पोतेऱ्यासारखा पडला होता. हिरड्या पांढऱ्याफटक, अंगात ताप. थोरल्या डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकातून त्याचं रक्त पाहिलं आणि निकालच लावून टाकला: रक्ताचा कर्करोग, उद्या सकाळी कायमच्या झोपेचं इंजेक्शन. शिंपीणबाई ओक्साबोक्शी रडू लागल्या.

धाकटी डॉक्टर म्हणजे थोरल्यांची सून. घरी सासऱ्यांशी वाद घालण्यात पटाईत, पण दवाखान्यात तोंडाला कुलूप. आज मात्र तिला राहवेना.

"बाबा, लाल पेशींवर ठिपके दिसतायत. जंतू असतील तर?"

"अगं, कचरा आहे तो! रंगाचा गाळ बसतो काचेवर. जन्म गेला माझा हे बघण्यात."

यात खोटं काही नव्हतं. काचेवरचं रक्त रंगवायच्या रंगाच्या बाटलीच्या तळाशी साका साचलेला, आणि तो गाळून घ्यायचा सगळ्यांनाच कंटाळा. त्यामुळे या दवाखान्यात कुठलाही ठिपका दिसला की तो कचराच. खरा जंतू आला असता तरी बिचाऱ्याला कोणी ओळख दिली नसती.

सूनबाईने बाह्या सरसावल्या. रंग स्वच्छ गाळून घेतला. नळीत साठवलेलं रक्तही नको, कारण त्यात हे जंतू पेशींवरून सुटून जातात. तिने ढब्बूच्या कानाला सुई टोचली, ताजा थेंब थेट काचेवर पसरला, वाळवला, रंगवला आणि डोळा लावला.

ठिपके होतेच! पेशींच्या कडेला चिकटून बसलेले, आणि मधली मोकळी जागा लख्ख.

"बाबा, कचरा काय जागा बघून पडतो?"

थोरल्यांनी काच इकडे सरकवली, तिकडे सरकवली, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"हात्तिच्या! जंतूच की गं हे. आण जंतूंवरचं औषध, आत्ताच्या आत्ता!"

आठवड्याभरात ढब्बूच्या हिरड्या गुलाबी झाल्या. तपासायला आणला तेव्हा त्याने थोरल्यांच्या मनगटावर असा काही पंजा मारला की रक्तच आलं. शिंपीणबाईंनी घाबरून हात जोडले.

"माफ करा हो डॉक्टर! तुम्ही वाचवलंत त्याला, आणि हा मेला..."

"हात तिकडे जोडा, बाई. मी तर याला वर पाठवायला निघालो होतो. वाचवला तो या डॉक्टरांनी."

त्यांनी तिला डॉक्टर म्हटलं ते आज पहिल्यांदा. सूनबाईला इतका आनंद झाला की सासऱ्यांच्या मनगटाला पट्टी बांधायची सोडून तिने बोक्याचाच मुका घेतला.