जावयासाठी वाकडा पब

शशिधररावांचे जावई ऑलिव्हर इंग्रज. त्यांनी आपल्या गावातला पाडायला काढलेला तीनशे वर्षांचा पब विकत घेतला, तुळया-खांबांवर आकडे घालून तो सुटा केला आणि सगळं बाड जर्मनीत हॉम्बुर्गला आणलं. शनिवारी उद्‌घाटन होतं. कोलोन शहरात राहणारी इंग्रज मंडळी येणार होती, ती त्या जुनाट वाकडेपणासाठीच. उभारणीवर देखरेखीला सासरे होते, जन्म गाड्यांच्या कारखान्यात काढलेले इंजिनियर.

बुधवारी ऑलिव्हर आत शिरले आणि म्हणाले, "बाबा, हा वाकडा होता."

"गेनाऊ, अगदी बरोबर," शशिधरराव म्हणाले. "सगळा सरळ केला. पाणसळ लावून बघा. तुमच्या लोकांना तीनशे वर्षांत जमलं नव्हतं."

"हे पार्किंगचं ऑफिस दिसतंय, बाबा. कोण येईल इथे?"

"जाणूनबुजून वाकडं काम मी करणार नाही."

"अहो," सासूबाई मनोरमाबाई म्हणाल्या, "अधिक महिना चाललाय. जावयाला नाही म्हणू नये. अनारसे मी दिले, वाकडेपणा तुम्ही द्या."

शशिधररावांनी पाणसळ पुन्हा उचलली.

शनिवारी सकाळी पब वाकडा झाला. प्रत्येक खांब, तुळई, दार आणि खिडकी एकाच बाजूला, सारखीच कललेली.

"मिलिमीटरचा फरक नाही," शशिधरराव म्हणाले.

ऑलिव्हरांनी मान जराशी तिरकी केली, तर सगळं पुन्हा सरळ दिसलं.

संध्याकाळी कोलोनची मंडळी दारात थबकली, माना तिरक्या करून आत आली, आणि दुसऱ्या बियरनंतर म्हणाली, अगदी गावाकडे आल्यासारखं वाटतंय.