बहात्तरच्या खाली

गोंदिया जिल्ह्यातल्या केशोरीच्या बाजूच्या एका गावात सोसायटीचं धान खरेदी केंद्र आहे. तिथं काट्यावर बसायचं काम अकरा वर्षांपासून रेणू कापगतेकडे होतं. चाळीस किलोचं पोतं काट्यावर पडलं, की आकडा थांबेपर्यंत ती कुणाचंच ऐकत नसे. "बाई, चाळीस भरलेच हाये, नजरेनं दिसून राहिलं," असं एखादा म्हातारा म्हणाला, तर ती त्याच्याकडे न बघताच म्हणायची, "नजर तुमच्यापाशी ठेवा, काका. काटा थांबू द्या."

अशा या बाईला एका मनगटी घड्याळानं दीड महिना फसवलं. पण त्याआधीची गोष्ट सांगायला हवी.

रेणूचा धाकटा भाऊ उमेंद्र, वय चौतीस, अर्जुनीला मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवायचा. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा तो सकाळच्या गाडीनं गोंदियाला डायलिसिसला जायचा आणि परत आला की दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. वडील नव्हते. आई सुशिलाबाईला साखरेचा आजार, त्यामुळे तिची किडनी चालणार नव्हती. नागपूरच्या दवाखान्यात रेणूची तपासणी झाली आणि सगळं जुळलं.

घरी आल्यावर तिनं नवऱ्याला विचारलं. खुशाल इटियाडोह धरणाच्या पाण्यावर उन्हाळी धान घेणारा, बोलायला कमी माणूस. तो जेवता जेवता म्हणाला, "तुही किडनी, तुहा भाऊ. मी सही करतो." आणि त्यानं पुन्हा भात मागितला.

अडलं ते वजनावर. नागपूरच्या डॉक्टरांनी कागद समोर ठेवून सांगितलं, "ताई, तुमचं वजन एकोणऐंशी किलो चारशे. तुमच्या उंचीला हे फार होतं. एक किडनी काढल्यावर उरलेलीवर आयुष्यभराचा भार येणार. आधी बहात्तरच्या खाली या, मग तारीख देतो."

रेणूला वाटलं, एवढंच ना. गोंदियाला कॉलेजात असलेल्या तिच्या मुलीनं, टीनानं, लगेच एक घड्याळ मागवलं. किती चाललं, नाडी किती, किती कॅलरी जळल्या, सगळं ते सांगायचं. दिवसाची ठरलेली पावलं पुरी झाली की हातावर थरथरून शाबासकीही द्यायचं.

रोज संध्याकाळी काटा बंद झाला की रेणू तलावाच्या पाळीनं, म्हणजे बांधावरून, झपाझप चालायला लागली. घरी येईपर्यंत घड्याळात कधी सहाशे, कधी साडेसहाशे कॅलरी दिसायच्या. मग ती फोनवर बघायची, एका ताट भाताला किती, उकडलेल्या शिंगाड्यांना किती. सहाशे जाळल्या, चारशे खाल्ल्या, तरी दोनशे आपल्याच बाजूला. हिशोबात खोट कुठंच नव्हती. दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा आणि नाटकं, सुरू झाली, घरी पाहुण्यांची रीघ लागली, तेव्हाही तिनं उडदाचे वडे नाकारले नाहीत. फक्त त्या दिवशी पाळीवर दोन फेऱ्या जास्त मारल्या. मनगटावर घड्याळ थरथरलं की ऊर भरून यायचा. गावातल्या तीन बाया तिचं पाहून चालायला लागल्या. रेणू त्यांना आकडे दाखवायची.

दीड महिन्यानं ती खुशालबरोबर नागपूरला गेली. वजन भरलं एकोणऐंशी किलो शंभर.

डॉक्टरांनी मागचा कागद काढून दोन्ही आकडे शेजारी ठेवले. मग खुशालला त्यांनी बाहेर बसायला सांगितलं, दार लोटलं आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, रागावू नका. कधी कधी घरच्यांपुढे नाही म्हणता येत नाही, पण मन आतून तयार नसतं. तसं असेल तर मला सांगा. आम्ही 'वैद्यकीय कारण' एवढंच लिहितो. खरं कारण कुणालाही कळत नाही."

रेणूच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. काट्यावर बसणाऱ्या बाईवर कुणी खोटं माप दिल्याचा आळ घ्यावा, तसं ते तिला लागलं. तिनं फोन पुढे केला. "हे पाहा साहेब. रोज सहाशे. एक दिवस चुकला नाही. माझं मन तयार आहे. वजनच ऐकून नाही राहिलं."

डॉक्टरांनी तिला दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ रुची मॅडमकडे पाठवलं. त्यांनी फोन पाहिला आणि एकच विचारलं, "या सहाशेच्या भरवशावर तुम्ही खाता किती?"

"जाळल्या तितक्या खात नाही," रेणू म्हणाली. "त्याच्या आतच खातो आम्ही."

"घड्याळाचा आकडा अंदाज असतो, ताई. फार फुगलेला असू शकतो."

रेणूला ते पटलं नाही. एवढी नाडी मोजणारं यंत्र, ते कायले खोटं बोलेल? परतीच्या रस्त्यानं ती फोनवरचे आकडे पुन्हा पुन्हा बघत राहिली.

पटलं ते चार दिवसांनी, घरातच. अंघोळीला जाताना रेणूनं घड्याळ काढून ओट्यावर ठेवलं होतं. सासूनं, मनकर्णाबाईनं, ते उचलून हौसेनं हातात घातलं आणि तशीच शेजारच्या ओसरीवर बायांच्या भजनाला जाऊन बसली. दीड तास तिनं जागेवरून न हलता टाळ्या वाजवल्या. परत आली ती घाबरून. "रेणू, हे काऊन थरथरून राहिलं? मी काई दाबलं नाई."

रेणूनं पाहिलं. घड्याळाच्या मते मनकर्णाबाई चार हजारांवर पावलं चालली होती. गुडघ्यांनी बेजार असलेली तिची सासू, जी न्हाणीपर्यंत जाताना भिंत धरायची, तिला घड्याळानं दिवसाची शाबासकी दिली होती.

सासू हसली, पण रेणू नाही हसली. दुसऱ्या दिवशी तिनं ते घड्याळ केंद्रावर नेलं आणि सुकरामच्या हातात बांधलं. सुकराम तिथला सगळ्यात दमदार हमाल. पोतं पाठीवर घेतलं की डोक्यामागे दोन्ही हातांनी ते घट्ट धरून चालायचा. दुपारपर्यंत त्यानं नव्वद पोती काट्यावरून उचलून गोदामात त्यांची थप्पी लावली. अंगातून पाणी निथळत होतं. रेणूनं घड्याळ सोडलं आणि आकडा वाचला.

"किती निघाले?" सुकरामनं विचारलं.

"माझ्या सासूच्या भजनापेक्षा कमी."

सुकराम घाम पुसत म्हणाला, "मंग उद्यापासून मी टाळ्याच वाजवतो, बाई. पोती ह्या घड्याळाले उचलू द्या."

आजूबाजूचे हमाल हसले. रेणू काट्याजवळ जाऊन बसली. एवढी वर्षं ती लोकांना नजरेचा अंदाज बाजूला ठेवायला सांगत आली आणि स्वतः मात्र दीड महिना एका अंदाजाच्या भरवशावर ताट वाढून घेत होती. हात हलला की घड्याळाला वाटायचं माणूस चाललं, हात थांबला की वाटायचं माणूस बसलं. बाकीचं ते जुळवून सांगत होतं. लाज वाटली, पण त्याबरोबर जीव हलकाही झाला. आपलं शरीर हट्टी नव्हतं, मन खोटं नव्हतं. मापच चुकलं होतं.

तिनं तिथूनच रुची मॅडमला फोन लावला. "मॅडम, तुमचं बरोबर होतं. आता काय करू ते सांगा."

"चाला, चालणं सोडू नका. पण चाललेलं खाऊ नका," मॅडम म्हणाल्या. "ताटातलं मोजा आणि आठवड्यातून एकदा वजन करा. रोज नको, जीव खाली-वर होतो."

हे काम रेणूला येत होतं. एक स्टीलची वाटी तिनं वेगळी काढली. दोन्ही वेळेला तीच वाटी भरून भात, त्यावर लाखोळी डाळीचं वरण, बाजूला ढीगभर भाजी. दर सोमवारी पहिलं पोतं पडायच्या आधी, दर वेळी त्याच एका साडीत, चप्पल काढून ती केंद्राच्या काट्यावर उभी राहायची. आकडा थांबेपर्यंत हलायची नाही. सुकराम मोठ्यानं आकडा वाचायचा. पहिल्यांदा तिला संकोच वाटला. पुढे सोमवारी धान घेऊन आलेले शेतकरीही थांबून बघायला लागले.

पहिल्या सोमवारी सहाशे ग्रॅम उतरलं, दुसऱ्या सोमवारी पाचशे.

सोपं काही नव्हतं. भातावर वाढलेल्या माणसाला एका वाटीवर थांबणं म्हणजे काय, ते तोच जाणे. पहिले पंधरा दिवस तिची चिडचिड होई. खुशालनं एक दिवस आपलाही भात कमी घेतला, तेव्हा ती त्याच्यावरच डाफरली, "तुमाले कोणी सांगितलं? नांगर कोण धरणार?" फेब्रुवारीत तर एक सोमवार असा आला, की वजन उलट सातशे ग्रॅमनं चढलं. सुकराम आकडा वाचायला अडखळला. "वाच ना," रेणू म्हणाली. "जे आहे ते वाच." त्या संध्याकाळीही वाटी तीच राहिली.

उमेंद्रला हे सगळं कळत होतं. एकदा गोंदियाहून परतताना तो बहिणीकडे उतरला आणि तिचं उतरलेलं तोंड पाहून म्हणाला, "बाई, तू माझ्यापायी उपाशी राहून राहिली. नको मले तुही किडनी."

"उपाशी कोण राहिलं? बस इथं." तिनं त्याच्यासमोर आपलं ताट मांडलं. पालक, मुळा, मेथी, वरण, तो वाटीभर भात. "हे उपाशी माणसाचं ताट दिसते का? आणि नको म्हणायची पाळी तुही नाई. मी इतके महिने हाडं झिजवली, ते कायले?"

त्या दिवशी उमेंद्र तिच्या समोर बसून, कितीतरी दिवसांनी, पोटभर जेवला.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात नागपूरच्या काट्यानं दाखवलं एकाहत्तर किलो सहाशे. डॉक्टरांनी आकडा दोनदा पाहिला. मग चष्मा काढून म्हणाले, "ताई, मागे मी तुम्हाला एक विचारलं होतं. विचारणं माझं काम आहे, पण तुम्हाला लागलं असेल."

"लागलं, साहेब," रेणू म्हणाली. "पण बरं झालं विचारलं. नाहीतर मी अजून पाळीवर फेऱ्याच मारत राहिली असती."

डॉक्टर हसले आणि त्यांनी तारीख लिहिली.

शस्त्रक्रिया दोघांची एकाच दिवशी झाली. रेणू शुद्धीवर आली तेव्हा नर्सनं वाकून सांगितलं, तिची किडनी भावाच्या शरीरात जोडल्याबरोबर लघवी तयार व्हायला लागली. असली बातमी ऐकून कुणाचे डोळे भरून येतील असं रेणूला कधी वाटलं नव्हतं.

चौथ्या दिवशी तिला चालायची परवानगी मिळाली. पोटावर हात धरून, एक एक पाऊल टाकत ती उमेंद्रच्या खोलीच्या काचेपर्यंत गेली. आत तो उशीला टेकून बसला होता. वर्षभरानं त्याच्या चेहऱ्यावरची राखेसारखी कळा गेली होती. बहिणीला बघून त्यानं हात जोडले. तिनं काचेवर बोट आपटून त्याला दटावलं, हात खाली घे म्हणून.

बाहेरच्या बाकड्यावर सुशिलाबाई बसली होती. शेजारी कुठल्याशा गावची, आपल्या माणसासाठी आलेली एक अनोळखी बाई होती. तिनं विचारलं, "ही कोण तुमची?"

सुशिलाबाईनं पदर सावरला आणि पाठ ताठ केली.

"माही मोठी पोरगी," ती म्हणाली. "पोराले मी एकदा जन्म दिला. दुसऱ्यांदा हिनं दिला. अन् त्याच्यासाठी पाच महिने हिनं जे केलं, ते ऐकाल तर इथंच बसून राहाल. ऐकता?"

ती बाई सरकून जवळ बसली. रेणू भिंत न धरता त्या दोघींच्या समोरून आपल्या खोलीकडे चालत गेली आणि मागून आईचा आवाज तिला दारापर्यंत ऐकू येत राहिला.