मी आकडा चुकवला नव्हता

मित्रांनो, मी एक जुना प्रिंटर आहे. माझं बोलणं ऐकण्यासारखं आहे की नाही, याची मलाच शंका वाटते. पण एक गोष्ट काही केल्या मनातून जात नाही.

कंपनीच्या लहान शहरातल्या या शाखेत मी आलो, तेव्हा खोक्यातून मला बाहेर काढलं ते मार्केटिंग मॅनेजर असलेल्या ताईंनी. पुढे चौदा वर्षं माझ्यात कागद अडकला, की सगळे त्यांनाच हाक मारत. बाह्या सावरून त्या माझं झाकण उघडत आणि म्हणत, "काय रे बाबा, आज काय गिळलंस?"

पगारवाढीची पत्रं मात्र साहेब स्वतः छापत. कोणाची नजर पडू नये म्हणून मला अंगाआड झाकून उभे राहत. यंदा शेवटचं पत्र अडकलं आणि नेमका त्यांना फोन आला. ते आत गेले. ताईंनी सवयीने येऊन कागद ओढला.

पत्र त्यांच्याच हाताखाली तीन वर्षं शिकलेल्या सहकाऱ्याचं होतं. त्याची मोठ्या शहरातल्या मुख्य कार्यालयात बदली झाली होती. हुद्दा ताईंच्याच बरोबरीचा, पगार मात्र त्यांच्या दुप्पट.

साहेब धावत आले. "अहो ताई, हे मशीन म्हातारं झालंय. काहीही आकडे छापतं!"

मित्रांनो, मी कधी फिकं छापलं असेल, कधी वाकडं. पण दिलेला आकडा कधीच बदलला नाही.

"मशीनवर कशाला ढकलता, साहेब?"

"बरं, मग ऐका. तिथली घरभाडी माहीत आहेत? शहर बघून पगार ठरतो."

"गेल्या वर्षी मी तीच बदली मागितली, तेव्हा काय म्हणालात? 'तुमच्या अनुभवावर शाखा उभी आहे, ताई. तुम्ही तर घरच्या!' पगार देताना माझं गाव बघता आणि अडवून ठेवताना अनुभव!"

"पुढच्या वर्षी बघू ना."

ताईंनी चुरगळलेलं पत्र हाताने सपाट करून त्यांना दिलं. दुपारी राजीनामा लिहिला, तोही पेनाने. त्यांचाही माझ्यावरचा विश्वास उडाला का? हे मी कोणाला विचारणार?

त्यानंतर पहिल्यांदा कागद अडकला, तेव्हा कोणीतरी स्क्रूड्रायव्हर खुपसून माझं झाकण मोडलं. आता मी जिन्याखाली आहे.

मित्रांनो, जो माणूस तुमचं अडलेलं काम मुकाट्याने सोडवतो, त्याला घरचा म्हणून कमी देऊ नका. आणि लबाडी उघडी पडलीच, तर ती आमच्यासारख्या मुक्यांच्या माथी मारू नका.