पुढे गेलेला दत्तप्रसाद

एकूण वेळेत आघाडीवर असणाऱ्याची पिवळी जर्सी गौरेशच्या अंगावर होती आणि सायकल शर्यतीचा शेवटचा टप्पा उरला होता. साखळीहून सुटायचे, इब्रामपूरचा चढ चढायचा आणि चोपड्याला नदीकाठी पोचायचे. मॅनेजर कृष्णनाथने डाव समजावून सांगितला होता. संघातला दत्तप्रसाद आधीच पुढे पळणार, चढाच्या पायथ्याशी थांबणार आणि तिथून वारा आपल्या अंगावर घेत गौरेशला वर नेणार. तोवर गौरेशने गप्प मागे राहून दम राखायचा.

डाव झकास होता. पण एकूण वेळेत दत्तप्रसाद गौरेशच्या अर्ध्याच मिनिटाने मागे होता. असा माणूस पुढे निसटल्यावर थांबेल कशाला? त्यात सकाळी गौरेशने त्याला देवळातून बाहेर पडताना पाहिले होते. एरवी नारळ सगळा संघ मिळून ठेवायचा. आज हा पठ्ठ्या एकटाच देवाला गाऱ्हाणे घालून आला. कुणाच्या नावाने, हे विचारायचीही गौरेशला गरज वाटली नाही.

डिचोली मागे पडली तेव्हा दत्तप्रसाद दीड मिनिट पुढे होता. म्हणजे या घडीला जर्सी त्याचीच! गौरेशचे डोके भणाणले. तो सीटवरून उठला आणि जीव खाऊन पेडल मारू लागला.

"गौरेशा, ओढू नको रे! तो थांबतलो!" कृष्णनाथ गाडीतून ओरडला.

"थांबतलो म्हणे," गौरेश पुटपुटला. "दोघांनी मिळान माकाच फसयल्यानी."

त्याच्या चाकाला चिकटून दुसऱ्या संघाचा, एकूण वेळेत तिसरा असलेला दीपक येत होता. हा बेळगावचा गडी एकदाही पुढे झाला नाही. कशाला होईल? वारा अंगावर घ्यायला गौरेश होताच की! हे शेंबड्या पोरालाही कळले असते, पण गौरेशला फक्त दत्तप्रसाद दिसत होता.

आणि तो दिसलाही. चढाच्या पायथ्याशी, ठरल्या जागी, एक पाय जमिनीवर टेकून, हातात पाण्याची बाटली धरून उभा.

दीपक दोघांना ओलांडून सुसाट वर गेला. गौरेशच्या पायांत काही उरले नव्हते.

"त्याका घेवन कित्या इलंस रे?" दत्तप्रसादने विचारले.

गौरेशला मेल्याहून मेल्यासारखे झाले. "तू जा. त्याका गाठ. जर्सी तरी तुका मिळांदे."

"सकाळी नारळ तुझ्या नावान ठेवललो," दत्तप्रसाद म्हणाला. "चल, माझ्या चाकाक चिकटून ये."

तो पुढे झाला आणि गौरेशला झेपेल तेवढ्याच चालीने चढ चढू लागला.